सून जेवली किंवा कसे

केडगाव, ता. ७ ऑगस्ट १९७२

श्रीयुत कानिफनाथ गेणूजी डोखे, मुक्काम पुणतांबे, यांस रंभाजी विठोबा सातपुते याजकडून रामराम पोहोचावा.

आपण आमचे व्याही असूनही लग्नापासून आपला पत्रव्यवहार नाही. माझ्या पत्नी राहीबाई वारल्या तेव्हा आपण दहाव्यास आला नाहीत. आपली मुलगी या घरात असता आपण न येणे योग्य नव्हते. परंतु हे पत्र त्याविषयी नाही. लग्नाच्या पंगतीत आमच्या मेहुण्यांच्या आधी भलत्याच माणसास फेटा बांधला गेला आणि मी भरल्या ताटावरून उठलो, त्याविषयीही हे पत्र नाही. माझे मत मात्र तेव्हा होते तेच आज आहे.

पत्र केवळ एका चौकशीपुरते आहे. आपली मुलगी सौ. मनकर्णा लहानपणी कशी जेवत असे? ताटात टाकण्याची खोड होती काय? तिला तंबाखूची मिसरी लावण्याची सवय माहेरी होती, की इकडे आल्यावर लागली? आपल्या मंडळींस विचारून कळवावे.

काळजीचे कारण नाही. गेल्या आठवड्यात टँकरच्या रांगेत ती हंड्यासह खाली बसली. बाया म्हणाल्या, चक्कर आली. पाऊस नसल्याने श्रावण तोंडावर येऊनही चैत्रासारखे ऊन आहे, त्यामुळे तसे झाले असावे, असे माझे म्हणणे. तथापि नगरच्या दवाखान्यातून औषधपाणी सुरू केले आहे.

आमच्या घरात धान्य आहे. दुष्काळ असला तरी दोन माणसांना पुरेल इतके आहे. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण आपल्या कानावर कोणी काही वेगळे घातले असल्यास ते खोटे समजावे.

चि. छगन पलटणीत खुशाल आहे. त्यास यातील काही कळविलेले नाही व आपणही कळवू नये.

उत्तर द्यावे. लोभ असावा असे शेवटी लिहिण्याची रीत आहे. तूर्त ती राखून ठेवतो.

रंभाजी विठोबा सातपुते


केडगाव, ता. २५ ऑगस्ट १९७२

श्रीयुत कानिफनाथ डोखे यांस,

आपले कार्ड पोस्टमनने आळीतील चार माणसांदेखत माझ्या हाती दिले. कार्डावरील मजकूर कोणासही वाचता येतो, हे आपल्या ध्यानात आले नसावे. यापुढे बंद पत्र पाठवावे. ‘आमची पोर आमच्या घरी पायलीची भाकर खात होती, तुमच्या घरी उपाशी मरते, याचा जाब कोण देणार?’ असे आपण लिहिले आहे. एक माणूस पायलीची भाकर खाऊ शकत नाही. पण ते राहू द्या.

आपण जाब मागितला आहे, तेव्हा घडले तसे लिहितो. माझ्यासही त्यातील पुष्कळ समजलेले नाही.

गेल्या मार्गशीर्षात लढाई सुरू झाली तेव्हा छगन सरहद्दीवर होता. ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी सारे गाव उभे राही. मनकर्णेने त्या वेळी देवीला नवस बोलला की, धनी सुखरूप येईपर्यंत एकभुक्त राहीन. आळीतील बाया तिच्या पाया पडून गेल्या. मीही भजनात चार लोकांत सांगितले की, आमच्या घरची सून अशी आहे. यात काही वावगे होते असे मला वाटत नाही. फाल्गुनात छगन रजेवर आला, नवस फिटला, देवीची ओटी भरली. तो परत गेला. त्यानंतर सोमवार सुरू झाला. मग गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. उपवास करणारी सून घरात असणे हा कमीपणा आहे, असे मला आजवर कोणी सांगितलेले नव्हते. शिवाय यंदा रेशनवर तो लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी, मिळतो, त्याची भाकरी घशाखाली उतरत नाही. सगळेच कमी जेवतात. त्यात एक माणूस अधिक कमी जेवते, हे दिसून येत नाही.

ती खाली बसल्यावर शेजारच्या बायांनी तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेले. तेथे डॉ. भिंगारदिवे म्हणून एक बाई आहेत. त्या बुधवारी फक्त बायांना तपासतात. भरती करून घेत नाहीत. दर बुधवारी यायचे, औषध घ्यायचे, बोलायचे आणि घरी जायचे. बोलण्याचे औषध कसे होते ते मला ठाऊक नाही. पहिल्या बुधवारी मी सोबत गेलो. पडवीत सतरंजीवर बाया बसल्या होत्या. मी खांबाशी उभा राहिलो, तर एक म्हातारी म्हणाली,

“आबा, हितं बायांचं हाय. तुमी भायेर बसा की.”

मी सांगितले की, मी मुलीचा सासरा आहे.

“मंग तर लईच भायेर बसा.”

सगळ्या हसल्या. म्हातारीचे नाव झुंबरबाई. तिला मिसरी सुटत नाही, म्हणून ती येते. तिच्या शेजारी दगडाबाई नावाची तरुण बाई होती, तिला भिंतीची माती खाण्याची सवय आहे. झुंबरबाई तिला म्हणाली, “तुझ्या आयनं नाव ठिवलं तवाच वळाखलं हुतं बग. एक दिस घर खाशील आन नवरा उघड्यावर येईल.” दगडाबाई म्हणाली, “तुमी आदी तोंड धुवा, मावशे. काळं दिसतंय.” ही बायामाणसे आजारी आहेत की लग्नाला आली आहेत, हे मला कळेना.

डॉक्टरीणबाईंनी मनकर्णेचे तोंड उघडून पाहिले. हिरड्या काळ्या पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, ही दिवसभर मिसरी लावते, त्याने भूक मरते. मग मला विचारले, “हिला जेवताना तुम्ही कधी पाहिलंत?”

मी सांगितले की, आमच्याकडे सून सासऱ्यासमोर जेवत नाही. पुरुषांचे झाल्यावर जेवते.

“मग पाहतं कोण?”

राहीबाई होत्या तोवर त्या पाहत असतील. आता घरात आम्ही दोघेच. कोणी पाहत नाही, असे म्हणणे भाग पडले.

“म्हणजे ही जेवते की नाही, हे त्या घरात कोणालाच माहीत नाही.”

मी म्हणालो, तिला भरती करून घ्यावे. त्यावर बाई म्हणाल्या, “इथं ठेवली तर इथं खाईल. घरी गेली की पुन्हा तेच. हिचं जेवण तुमच्या घरात आजारी पडलंय आबा, ते तिथंच बरं व्हायला पाहिजे. दोन्ही वेळा कोणीतरी हिच्यासमोर बसून जेवा.”

जेवण आजारी पडते, हे मी प्रथमच ऐकले. दवाखान्यात मोठमोठ्या बाटल्या असताना रोग्यास औषध देऊन न थांबता सासऱ्यास जेवावयास सांगणे, हे कोणत्या शास्त्रात आहे?

आपण मागितलेला जाब हा असा आहे. आमच्याकडून तिला कोणीही उपाशी ठेवलेले नाही.

रं. वि. सातपुते


केडगाव, ता. १४ सप्टेंबर १९७२

श्रीयुत डोखे यांस,

आपले बंद पत्र पोहोचले. आपल्या मंडळींनी कळविले की मनकर्णा लहानपणी पुरणपोळीसाठी रुसत असे व मिसरीस हात लावीत नसे. याचा अर्थ दोन्ही गोष्टी आमच्याकडे आल्यावर झाल्या, असा होतो. मी तो अर्थ वाचला आहे. त्यावर उत्तर देत नाही.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे आम्ही सुरुवात केली. मार्ग असा काढला की रीतही राहावी व सांगितलेलेही व्हावे. चुलीपुढे दोन ताटे मांडली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. ती माझ्या पाठीमागे बसली. मी जेवत असे व मागे ती जेवते आहे किंवा कसे, ते कानाने ऐकत असे. मिलोची भाकरी मोडताना व चावताना आवाज होतो, त्यामुळे अडचण नव्हती. जेवण झाल्यावर मी न वळता विचारी, “झाले काय?” ती म्हणे, “झालं, मामंजी.” मी समाधानाने हात धूत असे.

वजनाच्या काट्यावर ती दर बुधवारी मागच्यापेक्षा हलकी भरू लागली. मी डॉक्टरीणबाईंस ठणकावून सांगितले की, काटा बिघडलेला आहे, कारण माझ्या कानाने रोज जेवण होते आहे.

गणपतीच्या आदल्या दिवशी शेजारचा सहादू गवंडी कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, “आबा, तुमच्या शेळीला काय चारता? माणसं काटकुळी झाली आन ही बया गाभन असल्यावानी दिसती.” मी शेळीकडे पाहिले. गावात गुरांना चारा नाही, लोक जनावरे छावणीत बांधत आहेत आणि आमची शेळी गुटगुटीत. त्या दिवशी जेवताना मी मान थोडी वळवली. मनकर्णा भाकरीचा तुकडा मोडून दाताखाली कुरकुर वाजवीत होती व ओच्यात थुंकत होती. मागच्या दारातून शेळीने मान आत घातली होती.

मी ओरडलो नाही. ओरडावे असे मनात आले होते.

बुधवारी हे दवाखान्यात सांगितले. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, “आबा, खळ्याकडे पाठ करून राखण कोण करतं?” बायांसमोर असे बोलणे मला आवडले नाही. मी रीत सांगितली. त्यावर झुंबरबाई मध्येच म्हणाली,

“रीत जेवती का हो आबा? आन तुमच्या कमरंला ती चंची कशाची? तंबाखूचीच ना? सून मिसरी सोडतीय, तुमी तिच्यापुढं बार भरताय. तिच्या जिवाचं काय हुत असंल?”

मी पुरुष आहे व तंबाखू माझ्या पैशाची आहे, असे मी म्हणालो. कोणी हसले नाही. हसल्या असत्या तर बरे झाले असते. मनकर्णा खाली मान घालून बसली होती. मी तेथून उठून टांग्यापाशी जाऊन उभा राहिलो.

चंची तूर्त फडताळात ठेवली आहे. सोडली असे नाही, ठेवली आहे.

यात माझे काय चुकले, ते मला दिसत नाही. सासऱ्याने सुनेकडे टक लावून पाहत जेवावे, असे आपणही आपल्या घरी होऊ देणार नाही.

रं. वि. सातपुते


केडगाव, ता. २९ सप्टेंबर १९७२

श्रीयुत कानिफनाथराव यांस,

हे पत्र वाचून लगेच उत्तर द्यावे, किंवा उत्तर न देता निघावे. दुसरे अधिक चांगले.

मागचे पत्र पाठविल्यानंतर मी समोर तोंड करून बसू लागलो. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून जेवता येत नाही, म्हणून तिने तो मागे घेतला. तिच्या हनुवटीखाली डाव्या बाजूस एक जुना व्रण आहे. तिसरे वर्ष ती या घरात आहे आणि मला तो ठाऊक नव्हता. तो कशाचा, हे आपण कळवावे. तिला विचारणे मला जमले नाही.

पहिले दोन दिवस ती ताटाकडे पाहत बसली, मी तिच्याकडे, आणि भाकरी वाळून गेली. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, “मनकर्णे, काय होते ते सांग. पोटात दुखते काय?”

“न्हाई.”

“भूक लागत नाही?”

“लागती की. लई लागती.”

“मग?”

तिने ताट थोडे पुढे सरकवले. मग एकदम बोलली. माझ्याशी सलग इतके ती कधीच बोललेली नव्हती.

“आदी ते लडाईवर हुते तवा वाटायचं, म्या घास खाल्ला की तिकडं गोळी लागंल. मंग ते आलं. पर खायाला बसलं की हात थांबायचाच. आन मामंजी, ह्या घरात समदं तुमचं हाय. भाकर कशाची थापायची, दिवा कवा लावायचा, पानी कुठनं आनायचं, समदं तुमी सांगता. न खानं तेवढं माजं हाय. त्ये कुनी सांगितल्यालं न्हाई.”

मी आपणांस प्रामाणिकपणे लिहितो की मला याचा अर्थ लागला नाही. घरातील कर्ता सांगतो, हे सर्व घरांत आहे. तिला काही हवे होते तर मागता आले असते. न खाणे ही मालकीची वस्तू कशी होईल? मी हे वाक्य डॉक्टरीणबाईंना सांगितले. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीच ठाऊक होते. आपणांस अर्थ लागला तर मला कळवावा.

आता मुख्य. नवरात्र आठ तारखेस बसते. मनकर्णा नऊ दिवस कडक उपवास धरणार म्हणते. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, “हिच्या अंगात आता नऊ दिवस उपाशी राहण्याइतकं काही उरलेलं नाही. नवरात्र धरलं तर दसरा पाहील याची मी हमी देत नाही.” मी घरी येऊन तिला बंदी केली. तेव्हा ती म्हणाली,

“तुमी धरनार ना?”

मी लहानपणापासून नवरात्र धरतो, त्यात खंड पडलेला नाही. हे मी सांगितले.

“तुमचा त्यो उपास आन माजा त्यो रोग व्हय, मामंजी?”

मी म्हणालो की, तुला कोणाचे ऐकावयाचे आहे ते सांग, त्यास बोलावतो. ती आपणांविषयी म्हणाली, “दादा आलं आन माज्यासंगं जेवलं तर जेवंन.”

मुलीस मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्नपाणी घेऊ नये, ही आपल्याकडील रीत मी जाणतो, आणि ती मोडा असे एका व्याह्याने दुसऱ्यास सांगणे हे किती अनुचित आहे, तेही जाणतो. तरी सांगत आहे. सर्वपित्री अमावस्येस, शनिवारी, या. पुणतांब्याहून सकाळची गाडी आहे. मी स्टेशनावर उभा राहीन.

माझ्या बोलावण्याने येत आहात असे समजू नये. मुलीच्या बोलावण्याने या.

रंभाजी सातपुते


केडगाव, ता. ११ ऑक्टोबर १९७२, बुधवार

श्री. कानिफनाथराव यांस रंभाजी याचा रामराम.

शनिवारी आपण घाईने निघालात, म्हणून पुढचे कळविणे माझ्यावर आले. आपण हजर होता ते पुन्हा लिहिण्याची आवश्यकता नाही; पण आपण त्या वेळी मान खाली घालून होता आणि आपणांस काय दिसले, मला काय दिसले, यात फरक असू शकतो. म्हणून लिहितो.

तीन ताटे मांडली होती. मनकर्णेने आपल्यासाठी आमच्या चुलत्याच्या घरून गहू मागून आणून पोळ्या केल्या होत्या, हे आपणांस कोणी सांगितले नसेल. आपण ताटावर बसलात व हात जोडून म्हणालात, “बाय, तुज्या बोलवन्यानं आलो. पर हितलं पानी माज्या घशाखाली उतरायचं न्हाई. माज्या बापानं केलं न्हाई, म्या कसं करू? तू जेव, म्या हितंच बसतो.” मी म्हणालो, “व्याही, दोन घास.” आपण म्हणालात, “पाव्हनं, तुमी लगनात भरल्या ताटावरनं उठला, तवा म्या दोन घासाचा आग्रेव केला हुता.” ते बोलणे मला लागले. लागले तरी ते खोटे नव्हते.

तेव्हा ती उभी राहिली. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला ठाऊक नव्हते, आपणांस असेल.

“एक हितं पानी शिवत न्हाई. एक उद्यापास्नं नऊ दिस अन्न शिवनार न्हाई. दोगं बी धर्माचं. आन म्या तेवढं गपगुमान जेवायचं! उठा. दोगं बी उठा आन भायेर जाऊन बसा.”

तिने आतून कडी लावली. आपण दोघे ओट्यावर बसलो. मग आपण म्हणालात, “आमच्यात पोरी असं बोलत न्हाईत.” मी म्हणालो, “आमच्यातही नाही.” लग्नानंतर आपल्या दोघांचे एकमत झाले ते एवढ्याच गोष्टीवर. हनुवटीवरचा व्रण उसाचे कांडे लागून झाला, हेही आपण तेथेच सांगितलेत. गाडीची वेळ झाली तरी दार उघडले नव्हते. आपण दारावर हात ठेवून “येतो गं बाय” म्हणालात. आपण डोळे पुसलेत, ते मी पाहिले नाही असे दाखविले.

आपण गेल्यावर काही वेळाने दार उघडले. तिन्ही ताटे घासून पालथी घातलेली होती. शेळी माझ्यापाशी ओट्यावरच बांधलेली होती. पोळ्या टोपलीत किती राहिल्या हे मी मोजले नाही. ती जेवली किंवा कसे, हे आपणांस लिहिता येत नाही, कारण मला माहीत नाही.

रविवारी घट बसले. नेहमीप्रमाणे मीच बसविले. मला वाटले, आता तीही धरून बसेल. तिने तसे केले नाही. सकाळी चूल पेटवून दोन भाकरी थापल्या, दोन ताटे मांडली आणि आपल्या ताटासमोर बसून राहिली. मी म्हणालो, “मला नवरात्र आहे.” ती म्हणाली, “ठावं हाय.” भाकरी तशाच राहिल्या. संध्याकाळी तिने थोडे दूध घेतले, तेवढे मी डोळ्यांनी पाहिले. सोमवारी पुन्हा दोन भाकरी, दोन ताटे. मंगळवारीही. दुष्काळात भाकरी वाया घालवू नये, असे मी बोललो. ती ताटे उचलू लागली. रागावलेली दिसली नाही. ती हट्ट करीत आहे की मला काही सांगत आहे, हे मला समजत नाही. डॉक्टरीणबाईंस विचारावे, तर त्या उलट मलाच विचारतात.

आज सकाळी मी टांगा सांगण्यास निघालो तेव्हा ती म्हणाली, “तुमी येऊ नगा. दगडाबाई स्टँडवर येनार हाय, तिच्यासंगं जाती.” सून एकटी नगरास गेली. मी अडविले नाही. का अडविले नाही, तेही सांगता येणार नाही. सकाळपासून हे पत्र लिहितो आहे. मध्ये दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. टांगे येतात, त्यात ती नसते. चक्कर येऊन कोठे खाली बसली असल्यास तिला उचलण्यास दगडाबाई पुरेल काय? ती बाई स्वतः माती खाते.

आपण रीत मोडली नाहीत म्हणून मी आपणांस दोष देत नाही. मीही मोडलेली नाही. परंतु तीन दिवस दोन ताटांसमोर बसून माझ्या मनात असे येते की, घरात जेवत नाही असे माणूस एकच आहे, ही जी समजूत घेऊन मी दवाखान्यात जात होतो, ती बरोबर होती काय? यापुढे विचार जात नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसास जेवढे जमते तेवढे मी केले. पुढचे आपण पाहावे.

दारात कोणी आले आहे. पत्र येथे बंद करतो.

रंभाजी विठोबा सातपुते

ता. क. — पाकीट अद्याप चिकटविलेले नाही, म्हणून लिहितो. तीच आली. काट्यावर काय भरले ते मी विचारले नाही व तिने सांगितले नाही. हातपाय धुऊन तिने भाकरी थापली, पिठले केले. दोन ताटे मांडली. आधी स्वतःच्या ताटात वाढून घेतले, नंतर माझ्या. आमच्या घरात असे कधी झालेले नाही. तिने घास मोडला आणि हातात धरून बसली. तोंडाकडे नेईना, खालीही ठेवीना. बऱ्याच वेळाने मी ताटापाशी बसलो व भाकरी मोडली. माझ्या तोंडात घास गेल्यावर तिने आपला घातला. मी दुसरा घेतला, तिनेही घेतला. अर्धी भाकरी होईपर्यंत आम्ही दोघांनी मान वर केली नाही. मग ती म्हणाली, “मीठ कमी झालं का वो?” मी म्हणालो, थोडे कमी आहे. ती उठली आणि मीठ घेऊन आली.

आज नवरात्राची चौथी माळ आहे. माझ्या हातून हे काय झाले, पुण्य की पाप, हे मला खरोखर कळत नाही. उद्या सकाळी पुन्हा दोन ताटे मांडली जातील, तेव्हा मी बसणार आहे. देवीस काय सांगावे, हे आपणांस सुचल्यास कळवावे. न सुचल्यास दसऱ्यास स्वतः यावे. तोवर मीही विचार करून ठेवतो.